विश्लेषण : ‘आठ जीबी घ्या, रॅम नंतर वाढवू’ हा सल्ला आता का चालत नाही? प्रोग्रामिंगसाठी लॅपटॉप घेताना काय पाहावे?

इंजिनीअरिंग, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा प्रवेश पक्का झाला, की बाहेरगावाहून पुण्यात आलेल्या पालकांसमोर फीपाठोपाठ तीन खर्च उभे राहतात. खोलीचे डिपॉझिट, मेस आणि लॅपटॉप. नारायण पेठेत कॉट बेसिसवर घेतलेली जागा पटली नाही तर सोडता येते, मेस महिन्याभरात बदलता येते. लॅपटॉप मात्र एकदाच घेतला जातो आणि त्यावर तीन-चार वर्षे काढावी लागतात. बजेट कमी असेल तर आतापर्यंत एक सल्ला हमखास मिळायचा : ‘सध्या आठ जीबीचा घ्या, रॅम नंतर वाढवू.’ हे गणित आता बिघडले आहे. ते का, आणि पैसे नेमके कुठे घालावेत?

रॅम महाग का झाली?

जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि त्यासाठी ते जास्त दर मोजायला तयार असतात. त्यामुळे या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळवली. परिणामी २०२५च्या उत्तरार्धात लॅपटॉप आणि मोबाइलसाठीच्या मेमरीचे दर झपाट्याने वाढले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून घेणाऱ्यांसाठी हे ओळखीचे नाव होते.

पूर्वी काही हजारांत होणारे ‘नंतर वाढवू’ आता त्याच दरात होईलच असे नाही. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे कितीही पैसे मोजले तरी ती वाढत नाही.

प्रोग्रामिंगला इतकी रॅम कशाला लागते?

पहिल्या वर्षी सी किंवा पायथॉनचे छोटे प्रोग्रॅम लिहिताना आठ जीबी पुरते. अडचण पुढे येते. कोड एडिटर, ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब आणि डेटाबेस एकाच वेळी सुरू असतात. त्यात व्हर्च्युअल मशीन किंवा डॉकरची भर पडते. रॅम संपली की विंडोज तात्पुरते काम एसएसडीवर ढकलते आणि मशीन अडखळू लागते. अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर एकत्र चालवायचे असतील तर गूगलच्या मते किमान १६ जीबी रॅम लागते. म्हणजे तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टमध्ये मोबाइल अॅप निवडले, तर नेमक्या त्याच वेळी आठ जीबीचा लॅपटॉप अपुरा पडतो.

म्हणून आज नवा लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी ही किमान अट धरावी. बजेट बसतच नसेल, तर आठ जीबीचे असे मॉडेल पाहावे ज्यात रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे. विक्रेत्याच्या शब्दावर न राहता कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून ही खात्री दुकानात उभ्या उभ्या करता येते.

‘आय ५’ असला की झाले?

नाही. ‘आय ३, आय ५, आय ७’ हे नुसते वर्ग आहेत. कोणत्या पिढीचा प्रोसेसर आहे, हे पुढच्या आकड्यातून कळते. आय ५च्या पुढे ‘७२००यू’ असेल तर तो सातव्या पिढीचा आणि दोनच कोअरचा आहे. ‘८२५०यू’ म्हणजे आठवी पिढी, चार कोअर. ‘१२३५यू’ म्हणजे बारावी पिढी. त्यामुळे बाराव्या पिढीचा आय ३ जुन्या आय ५पेक्षा सरस ठरू शकतो. इंटेलने २०२३पासून ‘कोअर अल्ट्रा’ अशी नवी नावे आणली आहेत. एएमडीचे रायझन ५ हाही तितकाच चांगला पर्याय आहे.

शेवटचे अक्षरही वाचावे. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, ‘एच’ म्हणजे जास्त ताकदीचा आणि बॅटरी लवकर संपवणारा. खोलीत चौघांत एक प्लग पॉइंट आणि दिवसभर कॉलेज अशी स्थिती असेल, तर ‘यू’ सोयीचा. आय ७साठी लागणारे जादा पैसे रॅमवर खर्च केले तर अभ्यासात फरक जास्त जाणवतो.

ग्राफिक्स कार्ड हवेच का?

‘कोडिंगसाठी गेमिंग लॅपटॉपच लागतो’ हा समज सर्वाधिक पैसे खातो. कोड लिहिणे, कंपाइल करणे, वेबसाइट बनवणे यात ग्राफिक्स कार्डाचा उपयोग जवळपास शून्य असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या २०१९ पॅटर्नमध्ये हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग हा विषय शेवटच्या वर्षी आहे. त्याच्या प्रात्यक्षिकांत एनव्हिडियाच्या ‘कुडा’चे प्रोग्रॅम येतात. तेवढ्यासाठी कॉलेजची लॅब असते. गूगल कोलॅबवर मर्यादित वेळेसाठी जीपीयू मोफतही वापरता येतो. एका विषयासाठी चार वर्षे दोन किलोंहून जड मशीन आणि वर त्याचा वजनदार चार्जर पीएमपीच्या गर्दीत वाहण्याची गरज नसते. मशीन लर्निंगमध्ये गंभीरपणे काम करायचे किंवा गेम डेव्हलपमेंट करायची हे आधीच पक्के असेल, तर मात्र ग्राफिक्स कार्डाचा विचार जरूर करावा.

मॅकबुक किंवा स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप चालेल?

बॅटरी आणि वजन पाहता दोन्ही आकर्षक आहेत. अॅपलने ऑक्टोबर २०२४मध्ये मॅकबुक एअरची सुरुवातच १६ जीबी रॅमपासून केली. पण या मशीनचे प्रोसेसर ‘आर्म’ प्रकारचे असतात. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये दुसऱ्या वर्षी मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरची असेंब्ली भाषा आहे. तो कोड आर्मवर सरळ चालत नाही, मध्ये एम्युलेशनचा आधार घ्यावा लागतो. मॅकवर कुडाही चालत नाही. हे अडथळे पार करता येतात, पण नवख्या विद्यार्थ्याला प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री ते जड जातात. शिवाय मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही.

जुना लॅपटॉप घ्यावा का?

नारायण पेठेला लागून असलेल्या अप्पा बळवंत चौकात इंजिनीअरिंगची जुनी पुस्तके घेण्याची रीत पुण्याला नवी नाही. तोच हिशेब लॅपटॉपला लावताना एक तारीख लक्षात ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा मुदतही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहे. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. ज्या कार्यालयांचे लॅपटॉप या अटीत बसत नाहीत, ते मोडीत निघून जुन्या बाजारात येतात. स्वस्त आणि दिसायला मजबूत असा ‘७२००यू’चा लॅपटॉप पुढे आला, तर तो स्वस्त का आहे याचे उत्तर इथे आहे.

आठव्या पिढीनंतरचा, १६ जीबी रॅमचा कार्यालयीन वापरातला लॅपटॉप मात्र कमी बजेटमध्ये उत्तम पर्याय ठरू शकतो. घेण्याआधी विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढून तिची मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता ताडून पाहावी. सगळ्या कळा, चार्जिंग पोर्ट आणि स्क्रीन तपासावी. त्याहून जुना लॅपटॉप घरात आधीच असेल, तर त्यावर उबुंटूसारखे मोफत लिनक्स टाकून पहिले वर्ष सहज निघते.

पैशांची सोय आणि बिल

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५च्या दरबदलानंतरही तो तेवढाच राहिला. ५९ हजारांच्या लॅपटॉपमध्ये ९ हजार रुपये कर असतो. त्यामुळे ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हा प्रस्ताव मोहात पाडतो. पण बिल नसेल तर वॉरंटीचा दावा करताना किंवा चोरीची तक्रार देताना हातात कागद राहत नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घेणे महत्त्वाचे.

राज्यात २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. लॅपटॉप त्यात येत नाही. मात्र बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक कॉम्प्युटरचा खर्च धरता येतो. कर्जाचा अर्ज भरतानाच तो दाखवावा. दुकानातील हप्त्यांची सोय घेण्याआधी हा पर्याय बँकेत विचारलेला बरा.

घाई करावी का?

पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय सर्व शाखांना समान असतात आणि प्रात्यक्षिके कॉलेजच्या लॅबमध्ये होतात. विभागाची काही अट आहे का, वरच्या वर्गातील मुले काय वापरतात, हे पहिल्या महिन्यात कळते. हप्त्यावर घाईने आठ जीबीचा लॅपटॉप घेण्यापेक्षा तेवढे थांबून १६ जीबीसाठी पैसे जुळवणे फायद्याचे ठरते.