मुदतीची अट भलत्याच खुर्चीला

11 नोव्हेंबर 2025 रोजी डब्लिनमध्ये कॅथरीन कॉनली यांनी आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि मायकल हिगिन्स 14 वर्षांनी पायउतार झाले. 2011 मध्ये पहिल्यांदा उभे राहताना आपण एकच मुदत राहू, असं हिगिन्स म्हणाले होते. 2018 साली त्यांचा विचार बदलला आणि लोकांनीही निम्म्याहून जास्त मतं देऊन त्यांना परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला मात्र विचार बदलायला जागाच नव्हती. 1937 च्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमानुसार मुदत सात वर्षांची आणि फेरनिवड एकदाच.

गंमत अशी, की ही अट ज्या पदाला आहे त्याच्या हाती फारशी सत्ताच नाही. एखादं विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे तपासायला पाठवणं, बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाला संसद विसर्जित करू न देणं, असे मोजकेच अधिकार. कारभार हाकतो तो पंतप्रधान, आणि त्याला मुदतीचं बंधन नाही. ही घटना ज्यांच्या पुढाकारानं आली ते एमन डी व्हॅलेरा 1932 ते 1948, मग 1951 ते 1954 आणि पुन्हा 1957 ते 1959 असे सुमारे 21 वर्षं सरकारप्रमुख होते. त्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुदती. 1973 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा नव्वदीचे होते! कुंपण घातलं ते दुसऱ्याच वावराला.

तरीही आयर्लंडमध्ये एकाच माणसाचं राज्य झालं नाही, याचं श्रेय मतदारांना द्यावं लागेल. 17 जून 1959 रोजी त्यांच्यापुढे दोन प्रश्न होते. डी व्हॅलेरा राष्ट्राध्यक्ष व्हावेत का? आणि पसंतीक्रमाची प्रमाणशीर मतपद्धत मोडून आपल्यासारखी ‘सर्वाधिक मतं त्याची जागा’ ही पद्धत आणावी का? दुसरा प्रस्ताव डी व्हॅलेरांच्याच पक्षाचा होता आणि मोठ्या पक्षाला कायम सोयीचा ठरला असता. लोकांनी 56 टक्के मतं देऊन म्हाताऱ्याला निवडलं आणि त्याच दिवशी त्याचा प्रस्ताव फेटाळला. 1968 मध्ये तोच डाव पुन्हा टाकला गेला. तेव्हा तर 60 टक्क्यांहून जास्त लोक विरोधात गेले. या पद्धतीत एकट्या पक्षाला बहुमत मिळणं अवघड, म्हणून पंतप्रधानाची खुर्ची डगमगती राहते. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर 2022 मध्ये दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले, ते आघाडीत ठरलेल्या अदलाबदलीमुळे. 2024 साली ते स्वतःहून बाजूला झाले.

आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडकडून घेतली. मुदतीची अट मात्र घेतली नाही. राष्ट्रपती कितीही वेळा उभे राहू शकतात, पण दोनदा निवडून आले ते एकटे राजेंद्रप्रसाद. तिथे अटीवाचून काही अडलेलं नाही. अडतं ते राज्यांत. ज्योती बसू 23 वर्षं, नवीन पटनायक 24 वर्षं, पवन चामलिंग त्याहूनही जास्त. आपल्याकडे वसंतराव नाईक 11 वर्षं. यांतले काही उत्तम प्रशासक होते, हे मान्य. पण इतक्या वर्षांत पक्षात दुसरं माणूस उभं राहत नाही, अधिकारी एकाच तोंडाकडे बघायला शिकतात आणि तिकीटवाटप एकाच टेबलावर होतं. ‘लोक निवडून देतात ना?’ हा युक्तिवाद आयर्लंडमध्ये तरी थोडा टिकतो, कारण तिथे सार्वमताशिवाय घटनेतला शब्दही बदलत नाही. आपल्याला तो अधिकार नाही. घटनादुरुस्ती संसदेत होते आणि फार तर विधानसभांकडे जाते.

म्हणूनच अट हवी ती इथे. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री, दोघांनाही सलग दहा वर्षं पुरे. राष्ट्रपती भवनाला हात न लावता मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापासून सुरुवात करावी.