जुन्या ट्रकचे नट-बोल्ट



सुगीपूर्वी घरचा जुना ट्रक दुरुस्तीला काढला की पहिली झुंज गंजलेल्या नट-बोल्टांशी होते. पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात. मग कोणीतरी पान्याला लांब पाइप अडकवून जोर करतो. बोल्ट मोडतो आणि तासाचे काम दोन दिवसांवर जाते.

लोखंड गंजले की गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. तो आट्यांत दाटतो, म्हणून नट हलत नाही. यावर उपाय जोराचा नव्हे, सबुरीचा आहे. तारेच्या ब्रशाने आटे साफ करावेत. त्यावर गंज सैल करणारे तेल, ते नसेल तर डिझेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके मारावेत. मापाचा रिंग पाना लावून नट थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, असा मागे-पुढे करीत काढावा. तरीही न निघाल्यास मिस्त्रीकडून गॅसने फक्त नट तापवून घ्यावा. तो फुगला की पकड सुटते. मात्र डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि टायर चढवलेली रिम यांच्याजवळ आग नेऊ नये. हवा काढलेला टायरही तापून फुटू शकतो.

नट सोडताना घट्टच होत असेल तर थांबावे. पुष्कळ जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात.

न निघणारा बोल्ट त्रास देतो. पण न जुळणारा बोल्ट घात करतो, कारण वरून तो बसलेला दिसतो. आपल्याकडे दोन मापे एकत्र नांदली. टाटांचे ट्रक १९५४ पासून जर्मन सहकार्याने जमशेदपूरला बनू लागले. त्यांचे आटे मिलिमीटरचे. बेडफर्ड, डॉज, फार्गो या ट्रकांचे आटे इंचाचे, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत सुताचे. आठ सुतांचा एक इंच. वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीत एकाच गाडीत दोन्ही मिसळलेले सापडतात.

पान्यावरून ओळख पटत नाही. १९ नंबरचा पाना १२ मिलिमीटरच्या बोल्टालाही लागतो आणि चार सुती, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या बोल्टालाही. जाड आट्यांचा चार सुती नट १२ मिलिमीटरच्या बोल्टावर सैल चढतो, पण आट्यांच्या नुसत्या टोकांवर टेकतो. कसला की आटे चुरगळतात. अडीच सुती आणि ८ मिलिमीटर ही जोडी तर डोळ्यांना सारखीच दिसते. एक-दोन आटे फिरून अडते, आणि तिथेच लोक पाना लावतात.

म्हणून नियम एकच: नट आधी बोटांनी चढवावा. स्वच्छ, तेल लावलेल्या आट्यांवर साधा नट न डुलता, न अडता शेवटपर्यंत गेला पाहिजे. शंका आली तर जुना आणि नवा बोल्ट आट्याला आटा लावून उजेडात धरावेत. मध्ये फट दिसली तर जोडी चुकली. बोल्टाच्या डोक्यावरचे ८.८ किंवा १०.९ हे आकडेही पाहावेत. ते ताकद सांगतात. पाट्यांच्या यू-बोल्टाला किंवा चाकाला ‘चालून जाईल’ असा नट कधीही लावू नये. भरल्या गाडीचे चाक निखळले तर गाडीतल्यांइतकाच रस्त्यावरून चालणाऱ्यांचाही जीव जातो.

घरातल्यांनीही हातभार लावावा. निघालेला प्रत्येक नट त्याच्याच बोल्टावर फिरवून वेगळ्या डब्यात ठेवावा आणि जागेची चिठ्ठी लावावी. हे काम शाळकरी मुलेही चोख करतात.

शेवटी एक विनंती. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. आधी चाकांना उटी लावावी आणि चासीखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. बोल्ट दुकानात पुन्हा मिळतो.