केबल जोडली, तरी पुन्हा का उडते? मातीखालची 'गळती' समजून घ्या

पावसाळ्यात 'केबल फॉल्ट' झाला की रस्ता खणतात, जॉइंट मारतात, लाईट येते. आणि कधी कधी दोन दिवसांत पुन्हा जाते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांसाठी हे थेट नुकसान. मग केबल सुरू करण्याआधी ती धड आहे का, हे कळतं कसं?

हवा आणि माती

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड देशाशी जोडलं गेलं. ती लाईन टॉवरवर आहे, तिथे मोकळी हवाच इन्सुलेशनचं काम करते. शहरातल्या ११ केव्ही केबलला मात्र काही मिलिमीटर प्लास्टिकचाच आधार. ते दिसत नाही, म्हणून मोजावं लागतं.

अंदाज कसा काढतात?

केबलला जास्त व्होल्टेजचा डीसी देऊन किती करंट झिरपतो ते बघतात. हिशेब शाळेतलाच: व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स.

समजा, १ किमी केबलचं इन्सुलेशन १,००० मेगाओहम आहे आणि दिले १०,००० व्होल्ट. गळती १० मायक्रोअँपिअर. ९ वॅटचा एलईडी बल्ब याच्या हजारो पट करंट घेतो.

केबल ३ किमी असेल तर गळती ३० मायक्रोअँपिअर, कारण झिरपायला जागा तिप्पट. म्हणजे ३० हा आकडा ३ किमीला ठीक, पण त्याच केबलच्या १०० मीटरच्या तुकड्याला धोक्याची घंटा.

घाई केली की फसगत

सुरुवातीला काटा उसळतो. ती गळती नव्हे. केबल कपॅसिटरसारखी चार्ज होत असते. काही मिनिटांत करंट उतरून स्थिरावतो, तो खरा. उतरायच्या ऐवजी चढत गेला, तर केबल खराब समजा. तीन फेजपैकी दोन १० आणि तिसरा ४० दाखवत असेल, तरी शंका घ्या. मात्र केबलच्या टोकावरची ओल आणि धूळही आकडा फुगवते, म्हणून आधी ती पुसतात. तापलेल्या केबलचा आकडाही जास्त येतो. मेमधला आकडा डिसेंबरशी थेट ताडू नका.

मग एसी का नाही?

५० हर्ट्झवर १०,००० व्होल्टला साधारण १ किमी केबल चार्जिंगलाच सुमारे १ अँपिअर मागते. त्यासाठी यंत्र अवजड लागतं, आणि त्या करंटमध्ये गळती दिसतही नाही. दुसरीकडे, जुन्या एक्सएलपीई केबलला वारंवार जास्त डीसी देणंही घातक. म्हणून आता ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ चाचणी वापरतात. त्यात चार्जिंग करंट ५०० पट कमी होतो.

तुम्ही काय विचाराल?

कारखान्याची किंवा सोसायटीची स्वतःची एचटी केबल असेल, तर ठेकेदाराकडून नुसतं 'टेस्ट ओके' घेऊ नका. व्होल्टेज, वेळ, लांबी आणि तिन्ही फेजचे आकडे लिहून मागा. पुढच्या वर्षी तुलनेला तेच कामी येतील.

आणि चाचणीनंतर केबल अर्थ केल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. सप्लाय काढला तरी तिच्यात जीवघेणा चार्ज उरतो.