पगारी पिंक फ्लॉइड

गेल्या शनिवारी एका मित्राच्या गच्चीवर तोच जुना वाद पुन्हा पेटला. "अरे, रॉजर वॉटर्स म्हणजेच पिंक फ्लॉइड. बाकीचे नुसते वाजवणारे!" हे वाक्य मी हॉस्टेलपासून ऐकतोय. तेव्हा मान डोलवायचो. हल्ली डोकं फिरतं.

मुळात हा बँड ज्याच्या डोक्यातून निघाला, तो सिड बॅरेट १९६८ च्या एप्रिलमध्येच बाहेर पडला होता. एलएसडी आणि ढासळलेलं मन. म्हणजे 'अमुक एक माणूस म्हणजेच बँड' हा नियम लावायचा, तर दुकान तेव्हाच बंद व्हायला हवं होतं. वॉटर्सभक्तांना हे चालत नाही. त्यांचं घड्याळ सोयीने सुरू होतं आणि १९८५ ला, साहेब बाहेर पडले की थांबतं.

माझा मुद्दा रिचर्ड राईटचा आहे. कोण? हं, तेच तर!

'एकोज'च्या (१९७१) सुरुवातीचा तो पाण्याखालून आल्यासारखा 'टिंग' आठवा. राईटचा पिआनो, लेस्ली स्पीकरमधून काढलेला. 'अस अँड देम'ची चाल राईटची. 'द ग्रेट गिग इन द स्काय'चे सूरही त्याचेच. (त्यावर जीव तोडून गाणाऱ्या क्लेअर टॉरीला १९७३ मध्ये ३० पौंड मिळाले. सहसंगीतकार म्हणून नाव लागायला २००५ उजाडलं, तेही कोर्टात गेल्यावर.) शब्द वॉटर्सचे भारी आहेत, मान्य. पण आपण रात्री दोन वाजता हेडफोन लावून जे ऐकतो ते शब्द असतात का?

१९७९ मध्ये 'द वॉल' चालू असताना वॉटर्सने राईटला काढायला लावलं. त्या दिवसांत राईट फारसं काही देत नव्हता, घरी प्रश्न होते, हेही खरं. पण मग १९८०-८१ च्या कार्यक्रमांना त्यालाच पगारावर वाजवायला घेतलं! कार्यक्रम तोट्यात गेले, तोटा उरलेल्या तिघा मालकांनी सोसला आणि पैसे कमावले एकट्या राईटने. लोक हा किस्सा हसत हसत सांगतात.

मला हसू येत नाही. माझ्या एका जुन्या कंपनीत ज्या पोराने अख्ख्या प्रॉडक्टचा गाभा लिहिला, तो मीटिंगमध्ये बोलायचा नाही. त्याला रिलीजच्या आधी प्रोजेक्टवरून काढलं. अभिनंदनाच्या मेलमध्ये त्याचं नाव नव्हतं. तीन महिन्यांनी सगळं कोसळायला लागल्यावर त्यालाच कॉन्ट्रॅक्टवर बोलावलं. आम्ही सगळे गप्प होतो. मीसुद्धा. तो मेल मी 'ग्रेट वर्क टीम!' लिहून पुढे पाठवला होता.

असो.

राईटशिवायचा 'द फायनल कट' (१९८३) ऐका. वॉटर्सचा एकट्याचा अल्बम म्हणून ठीक आहे. पण ती हवा नाही, ते धुकं नाही. पुढे १९८६ मध्ये हेच वॉटर्स 'पिंक फ्लॉइड हे नाव आता वापरू नका' म्हणून कोर्टात गेले. संस्थापकाशिवाय सतरा वर्षं तेच नाव वापरल्यावर! १९८७ च्या शेवटी तडजोड झाली. गिलमोरलाही मी संत म्हणणार नाही. १९८७ मध्ये त्यांनी राईटला परत घेतलं, तेही पगारावरच.

राईट २००८ मध्ये गेला. २०१४ चा 'द एंडलेस रिव्हर' मुख्यतः त्याच्या १९९३ मधल्या वाजवण्यावर उभा आहे. २०२४ मध्ये बँडची रेकॉर्डिंग्ज आणि नाव सोनीने विकत घेतलं, किंमत सुमारे ४० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या.

गच्चीवर मी शेवटी 'एकोज' लावायला लावलं. पहिला 'टिंग' आला, सगळे एकदम गप्प झाले. मी मित्राला विचारलं, हे कोण वाजवतंय?

"गिलमोर ना?" तो म्हणाला.