चढाई विसरलेला संघ

३ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने साउथ डकोटा स्टेट विद्यापीठाचा ७-३ असा पराभव केला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडली की ‘टचडाउन’ होतो. त्याचे गुण सहा आणि त्यानंतरच्या किकचा एक, म्हणजे सात. तेव्हा आयोवाने एक टचडाउन केला असणार, असेच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात एकही झाला नव्हता! तीन गुण लाथाडलेल्या गोलाचे, आणि उरलेले चार बचाव फळीने प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे दोनदा लोळवल्याचे. आपल्या कबड्डीच्या भाषेत सांगायचे, तर हा संघ निव्वळ पकडीवर सामना जिंकला; चढाईला गेलेला गडी दरवेळी रिकाम्या हातांनी परत आला.

मराठी साहित्यप्रेमींना आयोवा ठाऊक आहे ते तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमामुळे. दिलीप चित्रे तिथे राहून आले होते. पण खुद्द त्या मक्याच्या राज्यात शनिवारी चर्चा असते ती फुटबॉलची. राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ. किनिक स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार माणसे बसतात. पहिला डाव संपला की ती सगळी शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळून खिडक्यांतल्या आजारी मुलांना हात हलवतात. २०१७ पासूनची ही प्रथा. अशा गावात संघाची आक्रमक फळी आजारी पडली की घरोघरी सुतक असते.

आणि ती चांगलीच आजारी होती. २०२२ च्या मोसमात संघाची सरासरी होती सामन्यामागे १७.७ गुण. मैदानावर किती यार्ड पुढे सरकलो या हिशेबात देशातल्या १३१ संघांत आयोवाचा क्रमांक १३०वा. तरीही तेरापैकी आठ सामने जिंकले. माझ्या मते खरे दुखणे इथेच आहे. सरळ हरणारा संघ केव्हाच सुधारला असता. जिंकणाऱ्याला कोण काय बोलणार?

त्यातून बोलायचे ते कुणाला, हाही प्रश्नच. १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत कर्क फेरेंट्झ. २०१७ ते २०२३ या काळात आक्रमणाची सूत्रे होती त्यांचे चिरंजीव ब्रायन यांच्याकडे. विद्यापीठात नातलगांविषयीचे नियम आहेत, म्हणून कागदोपत्री मुलगा वडिलांच्या हाताखाली नव्हता. तो क्रीडा संचालकांना उत्तरदायी होता. कागदाने असे नाते बाजूला ठेवता आले असते, तर जगातल्या निम्म्या कटकटी मिटल्या असत्या. घराणेशाहीची ही तऱ्हा आपल्याला काही नवी नाही.

मग २०२३ च्या आरंभी विद्यापीठाने एक तोड काढली. ब्रायन यांचा पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला आणि अट घातली: संघाने सरासरी २५ गुण करावेत आणि किमान सात सामने जिंकावेत, तरच करार पुढे चालू. तेरा सामन्यांचे ३२५ गुण. प्रेक्षक दर शनिवारी बोटे मोडून बेरीज करू लागले. गंमत अशी, की बचाव फळीने मिळवलेले गुणही यात धरले जाणार होते! म्हणजे मुलगा गणितात कच्चा, आणि त्याचे गुण भरून काढायचे भाषेच्या पेपरातून. ‘हे काम तुला जमत नाही’ हे एक वाक्य ज्यांनी समोर बसून म्हणायचे, त्यांनी ते एका आकड्याकडून म्हणवून घेतले. मला ही भित्री युक्ती वाटते.

शेवटी ते वाक्य ३० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रभारी क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी उच्चारले: हा मोसम ब्रायन यांचा शेवटचा. तोवर संघ जिंकतच होता. १५-६, १०-७, १३-१० असले विजय मिळवत तो दहा सामने जिंकला. मग कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मिशिगनने २६-० आणि नववर्षदिनी टेनेसीने ३५-० असे धुतले. मोसमाची सरासरी १५.४. त्या वर्षीचा संघातला सर्वांत गाजलेला खेळाडू कोण? आक्रमण अडले की चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणारा, मेलबर्नहून आलेला टोरी टेलर. ९३ किकांत ४,४७९ यार्ड, हा एका मोसमाचा राष्ट्रीय विक्रम ठरला. पोराची करामत निर्विवाद. पण ९३ वेळा हात टेकल्याशिवाय असा विक्रम होत नाही.

थोरल्या फेरेंट्झ यांची पद्धत मूर्खपणाची होती असे मी म्हणणार नाही. आपण चूक करायची नाही, चेंडू दूर ढकलायचा आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहायची. बरोबरीच्या संघांपुढे हे चालते. बलाढ्य संघ चुका करीत नाहीत, तिथे पोतडी रिकामी निघते. आणि याची किंमत मोजतात ती विशीतली मुले. चार्ली जोन्सने २०२१ मध्ये आयोवाकडून २१ पास झेलले. पुढच्याच वर्षी तो पर्ड्यू विद्यापीठात गेला आणि त्याने ११० झेलले, १,३६१ यार्डांची कमाई केली. एका वर्षात मुलाच्या हातांना नवी बोटे फुटली नव्हती. जे मागे राहिले त्यांच्यातल्या क्वार्टरबॅकने स्वतःच्याच मैदानावर हुर्यो ऐकली. विद्यार्थ्याच्या वाट्याला खेळाची मोजकीच वर्षे येतात; करार वाढतात ते प्रशिक्षकांचे.

आशा धरायला मात्र जागा आहे. २०२४ साठी टिम लेस्टर हे बाहेरचे गृहस्थ आले. त्या वर्षी सरासरी २७.७ वर गेली, म्हणजे ती गाजलेली पंचविशीची अट पहिल्याच फटक्यात पार! केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड धावला आणि धावून २१ टचडाउन केले. हा मुलगा कुठून आयात केलेला नव्हता, २०२२ पासून संघातच होता. चेंडू फेकून पुढे जाण्याची बाजू त्या वर्षीही लंगडीच राहिली. नुसत्या पळण्यावर थोरामोठ्यांना हरवता येत नाही, तेव्हा सगळे दुखणे एका मुलाच्या माथी मारणेही बरोबर नव्हे. वडिलांची सावधगिरी त्याच्या आधीपासून तिथे मुक्कामाला होती.

ती बाजू सावरायला २०२५ च्या मोसमासाठी नवा क्वार्टरबॅक आणला गेला, मार्क ग्रोनोव्स्की. दरम्यान दोन वेळा आपल्या विद्यापीठाला खालच्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देऊन तो आला होता. ते विद्यापीठ साउथ डकोटा स्टेट. ७-३ च्या त्या सामन्यात आयोवाच्या बचाव फळीपुढे उभा होता तो हाच.