आईला बोट दाखवली, त्याची गोष्ट

आमच्या आईचे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. आई सात-आठ वर्षांची असताना त्यांचा दुपारचा डबा घेऊन गोदीच्या फाटकापर्यंत जात असे. पोरीबाळींना आत सोडत नसत, त्यामुळे तिला फाटकातून दिसायची ती फक्त बोटींची धुराडी. आजोबांनी उभा जन्म लोखंडी आकड्याने गोणी ओढून बोटींच्या पोटात भरल्या आणि पोटातून काढल्या, पण प्रवासी म्हणून ते बोटीवर कधी चढले नाहीत. "बोट आतून कशी असते हो बाबा?" असे आईने विचारले की ते म्हणत, "काळोख असतो."

हे सगळे सांगायचे कारण असे की २०२४ साली आम्ही नोकरीतून निवृत्त झालो, हाती चार पैसे आले, आणि आईला एकदा बोटीत बसवायचेच असे आम्ही ठरवले. आम्ही, सौ., आई आणि धाकटी मुलगी. मुलीने मोबाइलवर शोधून काढले की सिंगापूरहून सात रात्रींची मोठी क्रूझ निघते आणि पोर्ट क्लांग, पेनांग, लंकावी व फुकेत बघून परत सिंगापूरला येते. ठाण्यातल्या एका टूर कंपनीने विमानासकट माणशी एक लाख पंधरा हजार सांगितले. चौघांचे चार लाख साठ हजार! भाव मे महिन्यात उतरतात, म्हणून तेवढ्यात बसवतो असे ते म्हणाले. का उतरतात, ते आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते.

मुंबईहून सिंगापूरला विमान साडेपाच तासांत पोहोचते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आम्ही दुपारी बाराला बंदराच्या प्रशस्त हॉलमध्ये हजर, आणि बोटीचा पत्ताच नाही. दोन वाजता सांगण्यात आले की 'तांत्रिक कारणामुळे' उशीर आहे. चार वाजता तेच, सहा वाजता तेच. हजारावर माणसे खुर्च्यांवर, बॅगांवर, जमिनीवर बसलेली. पाण्याची एकेक बाटली आणि बिस्किटाचा पुडा मिळाला. आई नऊवारी सावरून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "एस्टी स्टँडसारखंच आहे की!" रात्री साडेदहाला आम्ही बोटीवर चढलो. पुढे कळले, एक इंजिन बिघडल्यामुळे बोट हळू चालत होती.

इथे थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण आम्हालाही ते पैसे गेल्यावरच समजले. बंदरात बोट लावायची जागा आणि वेळ आधी ठरलेली असते. बोट आत घेण्यासाठी बंदराचा पायलट येतो, त्याचीही वेळ बांधलेली. ती वेळ हुकली की मागच्या बोटीला जागा द्यावी लागते. त्यामुळे पहिल्या दिवशीचा उशीर तिथेच संपत नाही, रोज पुढे सरकत जातो. पोर्ट क्लांग, जिथून आम्ही बसने क्वालालंपूर बघणार होतो, ते सरळ रद्द झाले. पेनांगला सकाळऐवजी संध्याकाळी पोहोचलो. जॉर्जटाऊन हे जुने शहर बोटीच्या धक्क्यालाच लागून आहे आणि २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ते आम्ही दिव्यांच्या उजेडात तीन तासांत पाहिले. लंकावी तेवढे नीट झाले. फुकेतला मोठ्या बोटी पाटोंगच्या उपसागरात दूर नांगर टाकतात आणि लहान होड्यांतून माणसे किनाऱ्यावर नेतात. मे महिन्यापासून त्या किनाऱ्यावर नैऋत्येचा मोसमी वारा सुरू होतो, लाटा वाढतात. होड्या सोडणे धोक्याचे, म्हणून फुकेतही रद्द. धोका पत्करावा असे आमचे म्हणणे नाहीच, पण मे महिन्याचा स्वस्त भाव कशाचा होता ते त्या दिवशी कळले. आई वरच्या डेकवर कठडा धरून लांबचा डोंगर बघत होती. "ते फुकेत का?" "हो." "बरं."

आता बोटीवरच्या सेवेबद्दल. आमच्या खोलीची हवा थंड होईना, आणि वरून गादीवर थेंब गळत. संडासाचे तर विचारूच नका. बोटीवरचे संडास पाण्याच्या लोंढ्याने नाही, हवेच्या ओढीने चालतात. कोणी एकाने आत कापड किंवा तसलेच काही टाकले की त्या नळावरच्या सगळ्या खोल्यांचे तुंबते. आमच्या बाजूचे दीड दिवस तुंबले होते. आईला रात्री दोन मजले वर घेऊन जावे लागे. 'भारतीय जेवण' असे छापले होते, ते म्हणजे रोज तीच पिवळी डाळ. आठवडाभर समुद्रात राहून मासा खाल्ला तो बर्फातला! शिवाय सेवाशुल्क म्हणून माणशी रोजचे डॉलर आपोआप बिलात चढत होते. मुलीचा मोबाइल बोटीच्या उपग्रहाच्या नेटवर्कला आपोआप जोडला गेला, त्याचे बिल घरी आल्यावर आले. जाणाऱ्यांनी बोट सुटताच मोबाइल विमानातल्यासारखा बंद करून ठेवावा.

तक्रार करायला काउंटरवर गेलो की रांग, आणि रांगेच्या शेवटी हसतमुख मुलगी, "सॉरी सर." पाचव्या दिवशी अभिप्रायाचा छापील फॉर्म आला. आमचे डोके तापलेलेच होते. खोली वेळेवर साफ होत नाही, टॉवेल मागूनही मिळत नाहीत, असे आम्ही लिहिले, आणि 'कर्मचाऱ्याचे नाव' अशी ओळ होती तिथे खोली साफ करणाऱ्या मुलाचे नाव लिहून फॉर्म देऊन आलो.

हा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातला. पहिल्या सकाळी आईचे लुगडे पाहून तो मराठीत बोलला होता, "आजी, कुठल्या तुम्ही?" तेव्हापासून आईची आणि त्याची गट्टी. ती त्याला आमच्या डब्यातला चिवडा देई. फॉर्ममध्ये काय लिहिले म्हणून आईने विचारले, आम्ही सांगितले. ती काहीच बोलली नाही. दुपारी तो आला तेव्हा मात्र तिने त्याला समोर बसवायचाच प्रयत्न केला. तो बसला नाही. उभ्याउभ्या सांगू लागला. त्याच्या बाजूचे दोघे तापाने पडलेले, म्हणून तिघांच्या खोल्या त्याच्या एकट्यावर. नऊ महिन्यांचा करार. झोपायची खोली पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक, खिडकी नाही. "मग समुद्र कधी बघतोस?" आईने विचारले. "बघतो की आजी, कचरा वर न्यायचा असला की."

खलाशांच्या कामासाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१३ पासून लागू झाला. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात सत्त्याहत्तर तास, असे त्यात आहे. म्हणजे कागदावरसुद्धा दिवसाचे चौदा तास राबवता येते! आणि बोट बहामा, पनामा, माल्टा अशा कुठल्याही देशात नोंदलेली असते, मालक तिसऱ्याच देशात. या मुलाने दाद मागायची ती कोणाकडे?

जाता जाता तो एवढेच म्हणाला की त्या फॉर्मांवरून पुढचा करार ठरतो. आम्ही तडक काउंटरवर गेलो आणि फॉर्म परत मागितला. तो संगणकात गेला होता. दुसरा फॉर्म मागून घेतला. माणसे कमी ठेवली हा दोष कंपनीचा आहे, या मुलाचा नाही, असे आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पानभर लिहिले. कोणी वाचला की नाही, कोण जाणे. उरलेले दोन दिवस तो आमच्याशी पूर्वीसारखाच हसून वागला. त्याचाच आम्हाला जास्त त्रास झाला.

घरी आल्यावर टूर कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले की तिकिटाच्या अटींनुसार बोटीला बंदर वगळण्याचा अधिकार आहे. रद्द बंदरांचा कर परत मिळालाच आहे, शिवाय सदिच्छा म्हणून पुढच्या क्रूझवर पंचवीस टक्के सूट. त्या अटी आम्हाला पैसे भरल्यावर ईमेलने आल्या होत्या, बारीक टायपातली इंग्रजी चाळीस पाने. आता वाचकांना सांगतो, पैसे भरण्याआधी अटी मागा, आणि बंदर चुकले तर काय देणार ते लेखी घ्या. त्या महिन्यात तिथले हवामान कसे असते तेही विचारा.

परदेशी बोट कंपनीशी भांडायचे तर कुठले तरी परदेशी कोर्ट, असे अटींत असते. पण आपले पैसे ठाण्यात घेतले ते टूर कंपनीने. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पावती, जाहिरातीचे पान, फोटो, सगळे जपून ठेवलेले कामी येते. सौ.ने गळक्या छताचा फोटो काढून ठेवला होता, आम्ही तेव्हा तिला हसलो होतो.

आम्ही तक्रार दाखल केली आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे, प्रत्यक्षात तारखा पडत आहेत. आईला सगळे वाचून दाखवले. रद्द बंदरे, उशीर, गळती, संडास, सगळे ऐकून ती म्हणाली, "आणि त्या पोराचं?" त्याचे या तक्रारीत बसत नाही, असे आम्ही तिला समजावले. तिला ते पटलेले नाही. पुढच्या तारखेला आपणही येणार, असे तिने आताच सांगून ठेवले आहे.