खिडकीतून जाणारी ऊब

रत्नागिरीच्या एका भगिनींनी आम्हाला विचारले आहे : मुलगा नोकरीनिमित्त श्रीनगरला भाड्याच्या घरात राहतो. हीटर चालू असला तरी फजरच्या वेळी खिडकीजवळ बसवत नाही, काय करावे? कोकणात आपण खिडकी उघडतो ती वारा यावा म्हणून. तिकडे 21 डिसेंबरपासून चिल्लई कलानचे चाळीस दिवस तोच वारा अडवावा लागतो.

काच थंडी अडवते असे आपल्याला वाटते, पण नुसती काच ऊब सहज बाहेर जाऊ देते. ऊब धरून ठेवते ती कोंडलेली, न हलणारी हवा. खोलीत 18 अंश आणि बाहेर उणे 2 असेल, तर दीड चौरस मीटरच्या एकेरी काचेतून साधारण 170 वॅट ऊब निघून जाते. मध्ये 12 ते 16 मिलिमीटर हवा ठेवून दुसरी काच बसवली की हा आकडा जवळजवळ निम्मा होतो.

काश्मिरी बुजुर्गांना हे गणिताशिवाय ठाऊक होते. जुन्या घरांतल्या पिंजराकारीच्या खिडक्या म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे खिळ्याशिवाय एकमेकांत गुंतवून केलेल्या जाळ्या. हिवाळा आला की त्यांवर कागद चिकटवायचा, थंडी सरली की काढून टाकायचा. उजेड येई, वारा येत नसे. आता कागदाऐवजी पॉलिथिन लावतात. शोभा गेली, पण काम होते.

मुलानेही तेच करावे. आधी फटी शोधाव्यात. पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवली की धूर जिथे हलतो तिथे फट आहे. तिथे फोमची चिकटपट्टी लावावी. मग पारदर्शक प्लास्टिक काचेला नव्हे, चौकटीला चारही बाजूंनी ताणून चिकटवावे. काचेलाच चिकटवले तर मध्ये हवा राहत नाही आणि मेहनत फुकट जाते. इंग्लंडमधल्या आपल्या कोकणी नातलगांना यासाठी तयार फिल्म बाजारात मिळते, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली की ती ताणून बसते. रात्री जाड पडदा सोडावा. दक्षिणेच्या खिडकीचा पडदा दिवसा उघडा ठेवावा, ऊन आत येऊ द्यावे.

मात्र एक खिडकी उघडता येईल अशी ठेवावीच. आणि हीटर विजेचा आहे की गॅसचा, हे भगिनींनी आजच फोन करून विचारावे. गॅस, कोळसा, लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला ना वास, ना रंग. घर जितके घट्ट बंद, तितका धोका जास्त. बंद खोलीत गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या काश्मीरमधून हिवाळ्यात येतच असतात. म्हणून झोपण्यापूर्वी गॅसचा हीटर बंद करावा, कांगडी खोलीबाहेर ठेवावी, बुखारीचे धुराडे साफ आहे का ते पाहावे. डोके दुखू लागले, मळमळले, तर लगेच खिडकी उघडून बाहेर पडावे. प्लास्टिक फाटले तर फाटू द्यावे, सकाळी दुसरे लावता येईल.